चावडीपासून एक पॉइंट सहा

लातूर,
३ फेब्रुवारी १९८३

प्रिय लिंबाजी,

आधी कामाचे लिहितो. आंतरदेशीय पत्रावर जागा कमी पडली तर खुशाली गाळता येते, काम गाळता येत नाही.

मला सायकलला लावायचा मीटर हवा आहे. किती किलोमीटर झाले ते दाखवणारा. कंधारच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो, त्यात तू एकटाच पुढे या धंद्यात गेलास आणि नांदेडच्या दुकानात फिटर झालास, म्हणून तुला विचारतो.

कारण असे. लातूर जिल्हा होऊन सहा महिने झाले. इथे कचेऱ्या जास्त आणि माणसे कमी आहेत, त्यामुळे मी नववीपर्यंतच शिकलेला असूनही टंचाई शाखेत मला रोजंदारीवर घेतले आहे. ज्या गावांनी पाण्याचा टँकर मागितला आहे तिथे जायचे आणि गावापासून पाणी किती लांब आहे ते मोजून आणायचे, एवढे माझे काम. एक पॉइंट सहा किलोमीटरच्या आत पाणी असेल तर टँकर नाही. त्यापुढे असेल तर टँकर. एक पॉइंट सहा म्हणजे जुना एक मैल. अंतरांची जुनी वही जुन्या जिल्ह्याकडे राहिली आहे आणि ती कोणी कोणाला पाठवायची यावर पत्रव्यवहार चालू आहे.

पहिली तीन गावे मी पावले मोजून केली. तिसऱ्या गावी सोळाशे पावले झाल्यावर एका म्हाताऱ्याने विचारले, "कोणाचा रे तू?" मी उत्तर दिले आणि आकडा गेला. परत चावडीवर जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली. म्हातारा तिथेच बसला होता. त्याने पुन्हा विचारले.

म्हणून मी एक जुनी सायकल घेतली. शिकून बारा दिवस झाले. आता दिवसातून एकदाच पडतो, तेही उतरताना.

इथल्या बाजारात मी तीन प्रकारचे मीटर पाहिले. एक घड्याळासारखा गोल, काट्याचा. एक लहान डबी, आकड्यांची. तिसरा डबीच, पण त्याला बटण आहे, दाबले की सगळे शून्य होते. दुकानदार म्हणतो तिसरा जर्मन आहे. मला कोणाचाच भरवसा वाटत नाही. आकडा चुकला तर एक गाव पाण्यावाचून राहील किंवा माझे काम जाईल. मला दोन्हींची सारखीच भीती वाटते. हे लिहायला बरे वाटत नाही, पण खरे आहे.

तीस रुपयांच्या वर जाता येणार नाही.

तुझा,
मन्मथ बिराजदार

(खुशालीला जागा उरली. मी बरा आहे.)


नांदेड,
९ फेब्रुवारी

मन्मथ्या,

तुझं पत्र भेटलं. दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. मालक म्हणले, हे गिऱ्हाईक लातुरातच राहू दे, इथं आलं तर दिवस खाईल.

काट्याचं घड्याळ घेऊ नको. ते वेग दाखवतं. तुझा वेग कोणाला बघायचा हाय? वरून त्याची केबल धुळीनं सहा महिन्यात तुटते. जर्मन-बिर्मन काही न्हाई, सगळा माल लुधियानाचा. बटणाचा मीटर चाळीसला. डबीचा पंचवीसला, तुला बावीसला देतो. बटणानं काय होतं, तर मागचा आकडा पुसतो. तुला वजाबाकी येते ना? मग अठरा रुपये खामखा कामून घालतो?

डबीचं काम सोपं हाय. पुढच्या चाकाच्या एक्सलपाशी ती बसवायची. स्पोकला एक खिळी लावायची. चाक एकदा फिरलं की खिळी डबीच्या दात्याला टिचकी मारते. दिवसभर टिक टिक करत राहतं. सोबत होते.

फुकटचा उपाय पण हाय. चाकाला फडकं बांध, फडकं वर आलं की एक म्हण. पण वाटेत तुला कोणीतरी विचारणारच, कोणाचा रे तू.

एकच गोष्ट ध्यानात धर. मीटर चाकाच्या मापाचा असतो. अठ्ठावीस इंची चाकाचा वेगळा, सव्वीसचा वेगळा. दिसायला एकसारखेच. चाक मोजून कळव. अंदाजानं न्हाई.

आणि तुझ्याकडं कोणकोणती गावं दिलीत ते पण लिही. सहज विचारून राहिलो.

जय भीम.
लिंबाजी


लातूर,
१४ फेब्रुवारी

प्रिय लिंबाजी,

चाक मोजले. शिंप्याकडून टेप आणली होती, ती ताणते असे कळल्यावर सुताराकडून फूटपट्टी आणली. तीन ठिकाणी मोजले. तिन्ही वेळा बरोबर अठ्ठावीस इंच.

मोजले ते मागचे चाक. पुढचे त्या दिवशी पंक्चरवाल्याकडे होते. पण सायकल एकच असल्यामुळे दोन्ही चाके एकाच मापाची असणार, म्हणून पुन्हा मोजले नाही.

सायकलबद्दल एक शंका आहे. पुढचा ब्रेक दाबला तर रबर रिमला लागतच नाही, बोटभर लांब राहते. ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला, नवशिक्याने पुढचा ब्रेक लावायचाच नसतो, माणूस तोंडावर पडतो. हे मला पटले. शिवाय सपाट रस्त्यावरसुद्धा थोडे उतारावर बसल्यासारखे वाटते. ती सवय नसल्यामुळे असेल.

डबीचाच मीटर पाठव. बावीस रुपयांची मनीऑर्डर वेगळी केली आहे.

गावांची यादी कचेरीबाहेर सांगायची नसते असे आमचे हेडक्लार्क मडिवाळप्पा भाऊसाहेब म्हणाले, म्हणून लिहीत नाही. गैरसमज करून घेऊ नये.

तुझा,
मन्मथ


नांदेड,
२० फेब्रुवारी

मन्मथ्या,

अठ्ठावीसचा मीटर लातूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिला हाय. डबीत चिठ्ठी हाय, तशी खिळी बसव. लई आवळू नको, लई सैल सोडू नको. किती आवळायची ते पत्रानं विचारू नको, हाताला कळतं.

ब्रेकचं काय ते मला समजलं न्हाई. सायकल बघितल्याशिवाय काय सांगू.

लिंबाजी


लातूर,
६ मार्च

प्रिय लिंबाजी,

मीटर बसवून दहा दिवस झाले. खिळी चार वेळा आवळली आणि चार वेळा सैल केली. आता बरोबर आहे असे समजून चाललो आहे.

लावल्या लावल्या मी त्याची परीक्षा घेतली. मोठ्या रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. दहा दगड संपले तेव्हा मीटरने दहा पॉइंट आठ दाखवले. मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी परत त्याच रस्त्याने उलटा गेलो. पुन्हा दहा पॉइंट आठ. भाऊसाहेबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, ते दगड जुन्या जिल्ह्याचे. तुझा मीटर नवा आहे की नाही?" मी म्हणालो, नवा आहे. ते म्हणाले, "मग दगडाचं काय घेऊन बसलास?" हा खुलासा मला समाधानकारक वाटला. दोन्ही वेळा आकडा एकच आला, म्हणजे मीटर अस्थिर नाही.

मीटरने आतापर्यंत नऊ गावे झाली. गावे काही सांगायची नाहीत, पण एकाचा निकाल लागला आहे, म्हणून ते सांगायला हरकत नसावी. शेंदूरवाडी. सरपंच नरसिंगराव यांनी चहा पाजला आणि चावडीपासून ओढ्यातल्या सरकारी विहिरीपर्यंत सोबत माणूस दिला. अंतर चावडीपासून धरण्याची वहिवाट आहे. जाताना एक पॉइंट पासष्ट, येताना एक पॉइंट पासष्ट. म्हणजे मर्यादेच्या पुढे. काल टँकर मंजूर झाला. गावाच्या मागच्या अंगाला, नाल्यापलीकडे काही घरे दिसली, पण ती वाटेत येत नव्हती म्हणून तिकडे गेलो नाही.

पाच शतांशांनी एका गावाला पाणी मिळाले. त्या रात्री मला चांगली झोप लागली. मीटर उत्तम दिल्याबद्दल मालकांनाही माझा नमस्कार सांग.

तुझा,
मन्मथ


नांदेड,
१५ मार्च

मन्मथ,

शेंदूरवाडीला माझी मोठी बहीण दिलीय. चांगुणाक्का. कंधारला सुट्टीत एकदा आली होती, आपल्याला दह्यासंग धपाटे दिले होते, तू चार खाल्ले होतेस. गावं कोणती म्हणून विचारलं होतं ते त्याच्यासाठी. उघड सांगितलं न्हाई, कारण तू घाबरला असतास आणि ओळखीच्या गावचं मोजत न्हाई म्हणून दुसऱ्याला पाठवलं असतंस.

अक्कानं पोस्टमनकडून कार्ड लिहून घेतलं. टँकर आला म्हणते. नंबर शेवटून लागतो, पण लागतो. माझा दोस्त मोजायला आला होता हे तिला ठाऊक न्हाई. मी कळवतो.

दगडाचं डोक्यातून काढून टाक. मीटर लई चांगला चालून राहिला. त्याला हात लावू नको, तेल घालू नको, कोणाला दाखवू नको. आणि पावसाळ्यापर्यंत पुढचं चाक कोणाकडं खोलायला देऊ नको. पंक्चर झालं तर चाक जागेवरच ठेवून काढायला सांग.

तुझा लिंबाजी


लातूर,
२ एप्रिल

प्रिय लिंबाजी,

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितो आहे.

तू सांगितल्याप्रमाणे मी पुढचे चाक कोणाला खोलू दिले नाही. पण परवा टायरच फाटला. दुकानदाराने आतून टायर आणला. मी पाहिले तर त्यावर सव्वीस लिहिलेले. मी म्हणालो, माझे चाक अठ्ठावीसचे आहे. तो म्हणाला, "मागचं असंल. पुढचं लेडीज सायकलीचं घातलंय कोणीतरी. म्हणून तर तुमचा ब्रेक लागंना." मी सुताराची फूटपट्टी आणली. सव्वीस.

म्हणजे लहान चाकावर मोठ्या चाकाचा मीटर. चाक जास्त वेळा फिरते आणि मीटर प्रत्येक फेरीला मोठी फेरी समजतो. दगड बरोबर होते. मी दगडांवर संशय घेतला.

सगळी गावे सव्वीसने गुणून अठ्ठावीसने भागली. बाकीच्या गावांचा निकाल बदलत नाही, ती एक तर फार जवळ आहेत किंवा फार लांब. फक्त शेंदूरवाडीचा बदलतो. एक पॉइंट पासष्टचे एक पॉइंट त्रेपन्न होतात. म्हणजे मर्यादेच्या आत.

तू म्हणशील, आधी मला विचारायचे. तुला विचारले असते तर तुझे उत्तर येईपर्यंत मला सहा दिवस खोटा आकडा कचेरीत ठेवावा लागला असता. म्हणून काल दुपारी मी दुरुस्तीचा अर्ज दिला. भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "तू हे स्वतःहून लिहिलंस?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "बरं." आज शेंदूरवाडीचा टँकर बंद झाला.

अक्कांनी दिलेले धपाटे मला आठवतात. पण आकडा धपाट्यांसाठी बदलता येत नाही. एवढे तू समजून घेशील अशी आशा आहे.

मन्मथ


नांदेड,
९ एप्रिल

मन्मथ बिराजदार,

मला सहा मार्चच्या पत्रातच कळलं होतं. दहा दगडाला पॉइंट आठ जास्त, ब्रेक रिमला लागंना, सायकल उतारावर. बारा वर्ष चाकं बांधून राहिलो मी. तुझ्या पुढच्या चाकाचं माप मी नांदेडात बसून सांगितलं असतं. सांगितलं न्हाई. माझ्या बहिणीच्या दारी पाणी येत होतं म्हणून सांगितलं न्हाई. लिही हे पण तुझ्या अर्जात.

आता तुला एकच विचारतो. तू कुठून मोजलंस? चावडीपासून. चांगुणाक्का चावडीवर राहते का? नाल्यापलीकडं जी घरं तुला वाटेत आली न्हाईत, त्यातलं शेवटचं घर तिचं. विहीर गावाच्या उगवतीला, आमची वस्ती मावळतीला. वस्तीतून निघायचं, नाला उतरायचा, चढायचा, अख्खं गाव ओलांडायचं, मग तुझी चावडी येते. तिथून तुझा एक पॉइंट त्रेपन्न सुरू होतो. अक्काचा तिथं सुरू होत न्हाई.

टँकर येत होता तेव्हा पण तो चावडीवरच थांबायचा. गावाचं भरून झालं की आमचा नंबर. कधी तळाचं मिळायचं, कधी नुसतं टँकरचं चाक ओलं दिसायचं. तरी तिनं कार्डात चांगलंच लिहिलं. आता तेवढं पण न्हाई. दिवसाला चार खेपा. गुडघा दुखतो म्हणते. तू सायकलवर बसून एक खेप मोजलीस आणि तुला चांगली झोप लागली.

तू इमानदार हायस, मी न्हाई. ठीक हाय. पण तुझा इमानदारपणा नेमका चावडीवर येऊन थांबतो.

उत्तर पाठवलं न्हाईस तरी चालंल.

लिंबाजी


लातूर,
२४ एप्रिल

प्रिय लिंबाजी,

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर देण्याआधी मोजून येणे भाग होते.

रविवारी माझ्या खर्चाने शेंदूरवाडीला गेलो. चावडीवर थांबलो नाही. नाल्यात सायकल खांद्यावर घेतली आणि पलीकडे जाऊन खाली ठेवली. नाल्याचे अंतर त्यामुळे मीटरमध्ये आले नाही, ते मी पावलांनी वेगळे मोजले. कोणी काही विचारले नाही, आकडा गेला नाही. वस्तीतल्या शेवटच्या घरापासून विहिरीपर्यंत, गुणाकार भागाकार करून, एक पॉइंट ब्याण्णव. चार खेपांचे जाऊन येऊन पंधरा किलोमीटरच्या वर होतात. मी सायकलवर दिवसाला तेवढे करतो तेव्हा डायरीत 'थकवा' असे लिहितो.

अक्का घरी होत्या. मी नाव सांगितले तेव्हा म्हणाल्या, "तूच का तो टँकर आणणारा?" मी म्हणालो, बंद करणाराही मीच. त्या म्हणाल्या, "दोन्ही एकालाच कसं जमलं रं?"

सोमवारी नवा अहवाल भाऊसाहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, "अंतर चावडीपासून धरतात." मी म्हणालो, हे कुठे लिहिले आहे? ते म्हणाले, "लिहिलेलं नसतं, म्हणून तर सगळ्यांना माहीत असतं." मी दोन दिवस परिपत्रक वाचले. ते अकरा पानांचे आहे. टँकरचे झाकण कोणत्या बाजूला असावे हेसुद्धा त्यात आहे. पण गावापासून म्हणजे गावाच्या कोणत्या जागेपासून, ते कुठेच नाही. मी अकराही पाने भाऊसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "लिही. पण कुठून मोजलंस ते स्वच्छ लिही. माझ्या अंगावर यायला नको."

म्हणून मी तक्त्यात पट्टीने एक नवा रकाना आखला: 'मोजणी सुरू केल्याचे ठिकाण'. त्यात लिहिले, 'नाल्यापलीकडील वस्ती, चांगुणा यांचे घर'. त्याच्या शेजारी 'टँकर उभा करण्याचे ठिकाण' हा छापील रकाना असतो. तो आम्ही नेहमी कोराच सोडतो, कारण टँकर चावडीवर जातो हेही सगळ्यांना माहीत असते. पण मला शेजारी कोरा रकाना बघवेना. त्यात मी 'वरीलप्रमाणे' असे लिहिले.

त्या दिवशी साहेबांच्या सहीला एकशे चाळीस कागद होते. सही झाली. टँकर परवापासून सुरू होईल. वस्तीपर्यंत गाडीवाट आहे, नाल्याला वळसा घालून जाते. ती मी पाहून ठेवली आहे.

मला ज्ञापन मिळाले आहे. एकाच गावाची तीन अंतरे कशी, याचा खुलासा मागितला आहे. खुलासा लिहीत आहे. आठ पाने झाली.

तुझा,
मन्मथ


नांदेड,
८ मे

मन्मथ्या,

अक्काकडं तीन दिवस जाऊन आलो. काय काय झालं ते ऐक, मग तुझ्या खुलाशाला नववं पान जोड.

टँकर आला. चावडीवर सगळं गाव घागरी मांडून बसलेलं. ड्रायव्हर थांबलाच न्हाई. सरपंच नरसिंगराव आडवे आले, "अरे, कुठं चाललास?" तो म्हणला, "कागदावर वस्ती हाय." सरपंच म्हणले, "कागद गेला खड्ड्यात, इथं सोड." ड्रायव्हर म्हणला, "खड्ड्यात गेला तर माझा दिवस भरत न्हाई. वस्तीवरच्या माणसाचा अंगठा पाहिजे मला." आणि वळसा घालून गाडी थेट अक्काच्या दारात.

आमच्या लोकांना आधी कळंनाच. लक्ष्मीबाई म्हातारी म्हणली, चुकून आला असंल, पटपट भरून घ्या, परत मागतील.

पहिल्या दिवशी गावातलं कोणी आलं न्हाई. अर्धा टँकर उरला, ड्रायव्हरनं आमच्या रांजणात, पातेल्यात सुद्धा ओतला. दुसऱ्या दिवशी गावानं गडीमाणसं पाठवली, पिपं घेऊन, बैलगाडीनं. नाल्याच्या गावाकडच्या काठालाच गाडी सोडली आणि म्हणले, आणून द्या इथं. अक्का म्हणली, "आम्ही चावडीवर येत होतो तेव्हा तुम्ही आणून दिलं होतं का रं?" गेले परत. तिसऱ्या दिवशी बायका आल्या. सरपंचाची सून पण. रांगेत पुढं जायला लागली तर अक्का म्हणली, "बाई, नंबर मागून. कळ काढ, आम्ही चार वर्ष काढली." सून थांबली. ऊन लई होतं. अक्कानं तिच्या डोक्यावर टाकायला फडकं दिलं, ते तिनं घेतलं.

सरपंच मात्र चिडून लातूरला निघालेत. टँकर चावडीवर आणल्याशिवाय गावात पाय ठेवणार न्हाई म्हणले. तालुक्याची माणसं बरोबर घेऊन येणार. मन्मथ्या, तुझ्या त्या 'वरीलप्रमाणे'नं कागद गेला तर जाऊ दे, पण टँकर जाऊ देऊ नको. मी नऊ एप्रिलला तुला लई वाईट लिहिलं. ते मागं घेत न्हाई, पण त्याच्या पुढं हे पण जोडून ठेव.

जय भीम.
लिंबाजी


लातूर,
१९ मे

प्रिय लिंबाजी,

सरपंच आले होते. चार माणसे बरोबर होती. मी रकान्यांच्या मागे बसलो होतो, म्हणजे टेबलाच्या मागे.

त्यांनी भाऊसाहेबांना सांगितले, टँकर चावडीवर आणा. भाऊसाहेब लगेच म्हणाले, "आणतो. काही अडचण नाही." मग ते म्हणाले, "फक्त मोजणी पण चावडीपासून धरावी लागेल." सरपंच म्हणाले, "धरा की. कायमच धरता." भाऊसाहेबांनी माझा तक्ता उघडला. "चावडीपासून एक पॉइंट त्रेपन्न. म्हणजे टँकर बंद."

सरपंचांनी तक्ता स्वतःकडे ओढून आकडा पाहिला. मग सरपंच म्हणाले, मला या पोराचा आकडा मान्य नाही, पंचांसमोर पुन्हा मोजा.

काल मोजणी झाली. या वेळी मी सव्वीसचा मीटर बसवला होता, इथूनच घेतला. सरपंच माझ्या पुढच्या चाकाशेजारी चालत होते आणि नजर मीटरवर. चावडी ते विहीर एक पॉइंट त्रेपन्न. ते म्हणाले, "गाडीवाटेनं मोज." गाडीवाटेने एक पॉइंट सत्तावन्न. ते म्हणाले, "देवळाला वळसा घालून मोज." देवळाला वळसा घालून एक पॉइंट अठ्ठावन्न. मी म्हणालो, आता देवळाला दोन वळसे घातले तर होईल, पण पंचनाम्यात तसे लिहावे लागेल. पंचांतले एक जण हसले. सरपंच हसले नाहीत. ते विहिरीच्या काठावर बसले. आत डोकावून पाहिले. तळाला चिखल होता. त्यांनी मला विचारले, "ते ब्याण्णव कुठून आणलंस?" मी म्हणालो, शेवटच्या घरापासून. ते उठले आणि म्हणाले, "चल."

गाव ओलांडले. नाल्यापाशी त्यांनी वहाणा हातात घेतल्या. पलीकडे चढल्यावर इकडे-तिकडे पाहत राहिले. बरोबरच्या माणसाला म्हणाले, "एवढी घरं कधी झाली?" त्याने सांगितले, आधीपासूनच आहेत.

अक्का दारात उभ्या होत्या. सरपंच त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "इथून मोज. इथूनच गाव सुरू होतं असं लिही." मी म्हणालो, तसे लिहिता येणार नाही, 'मोजणी सुरू केल्याचे ठिकाण' एवढेच लिहिता येते. ते म्हणाले, "तेच लिही. सही करतो." मोजले, तिथून एक पॉइंट ब्याण्णवच भरले. पंचनाम्यावर पहिली सही त्यांची आहे. टँकर वस्तीवरच उभा राहावा असा ग्रामपंचायतीचा ठरावही ते आठवड्यात पाठवणार आहेत, म्हणजे पावसाळ्यापर्यंत कोणाला आकडा बदलता येणार नाही.

माझा खुलासा साहेबांनी वाचला नाही. मला जूनपासून कामावरून कमी केले आहे. पंचनामा त्याआधी दाखल झाला, याची पोच माझ्याकडे आहे.

सही झाल्यावर सरपंचांनी पाणी मागितले. ऊन कडक होते आणि ते तीन-चार वेळा विहिरीपर्यंत चालून आले होते. अक्कांनी तांब्या भरून आणला. त्यांनी विचारले, "टँकरचंच आहे ना?" अक्का म्हणाल्या, "दुसरं हाय कुठं गावात?" ते उभ्याने, तांब्या वर धरून प्याले. सगळा संपवला. मग रिकामा तांब्या हातात घेऊन थांबले. अक्कांच्या हातात द्यावा की खाली ठेवावा, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी तो माझ्या सायकलच्या कॅरियरवर ठेवला आणि वहाणा घालून निघून गेले.

तो मी अक्कांच्या हातात दिला. त्यांनी तो पुन्हा भरला आणि मला दिला.

तुझा,
मन्मथ